शब्दचर्चा : ‘उषा’ की ‘उशा’? जोड्यांवरची ध्वनिकोडी

प्रश्न
प्रसिद्ध जोड्या घेऊन शब्दकोड्याची शोधसूत्रं बांधायची आहेत. पहिलं असं : ‘अनिरुद्धाची सखी पलंगावर ढिगाने (2)’ (कंसात अक्षरसंख्या). उत्तर ‘उशा’. उषेने अनिरुद्धाला स्वप्नात पाहिलं, त्यामुळे पलंगही जागच्या जागी बसतो. पण ष आणि श ही वेगळी अक्षरं असताना हे चालतं का? आणि अशा आणखी जोड्या कोणत्या?

प्रतिसाद
चालतं. प्रमाण मराठी बोलण्यात ष आणि श यांच्यात आज फरक राहिलेला नाही. ‘षटकोन’सुद्धा बहुतेक जण ‘शटकोन’च म्हणतात. मात्र लिहायला दोन्ही वेगळे, म्हणून सोडवणाऱ्याला ध्वनीची खूण द्यावी लागते : कानाला, ऐकताना, म्हणे, उच्चारी. तुमच्या सूत्रात ती नाहीच.

खूण कुठे बसते यावर सगळं आहे. ‘कानाला अनिरुद्धाची सखी, पलंगावर ढिगाने’ यात खूण अनिरुद्धाला चिकटली आहे. म्हणजे उषा फक्त ऐकायची आणि लिहायच्या उशा. हेच ‘अनिरुद्धाची सखी कानाला पलंगावर ढिगाने’ असं केलंत, तर खूण दोन्हीकडे लागते आणि ‘उषा’ लिहिणाराही चुकत नाही. खूण मध्ये लोंबकळत ठेवली की दोन उत्तरं निघालीच समजा.

प्रतिसाद
ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या याहून भरपूर आहेत : दिन-दीन, शिर-शीर, सुत-सूत, सलिल-सलील. शेवटच्या व्यंजनाआधीचा इ-उ मराठी माणूस लांबवूनच उच्चारतो. ‘गुण’ लिहितो आणि ‘गूण’ म्हणतो. तत्सम शब्दांचं लेखन संस्कृतासारखं ठेवलं, उच्चार मात्र मराठीच राहिला, म्हणून कानाला या जोड्या एकच.

गोची चौकटीत होते. आपल्याकडे एका घरात मात्रेसकट पूर्ण अक्षर जातं. ‘दीन’चं पहिलं घर उभ्या ‘दिवाळी’त सामाईक ठेवलंत तर दी आणि दि जुळणार नाहीत. तिथे ‘दीपक’ लागेल. काही कोडेकार अशा घरात ऱ्हस्व-दीर्घ सोडून देतात, पण ध्वनिकोड्यात ती सूट दिली तर कोडंच उरत नाही. निदान हे घर तरी तपासून घ्या.

प्रतिसाद
याच्या अगदी उलट प्रकारही आहे : कागदावर एक, तोंडात दोन. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आपण लिहून दाखवत नाही. ‘जरा’ म्हणजे थोडं आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. जगातला ज वेगळा आणि पाण्याच्या जगचा वेगळा. ‘म्हातारपण? थोडंसंच! (2)’ हे छापून उत्तम चालतं. ‘घरातल्या सुना एकमेकींच्या, मिळून इंडोनेशियातलं बेट (2)’ हेही तसंच : जावा. पण ही सूत्रं मंचावर प्रश्नमंजुषेत विचारू नका. उत्तर मोठ्याने म्हणायची वेळ आली की ज कुठला उच्चारायचा इथेच स्पर्धक अडतो आणि वाद सुरू होतो. दिन-दीन मंचासाठी, जरा-जग छापण्यासाठी.

प्रतिसाद
दोन्हीकडे चालणारा प्रकार कुणी सांगितलाच नाही. लेखन आणि उच्चार दोन्ही एकच, अर्थ दोन : इथे खूण लागतच नाही. जोड्यांत माझा आवडता नळ-दमयंतीतला नळ. ‘दमयंतीचा नवरा स्वयंपाकघरात गळतो (2)’. गंमत अशी की अज्ञातवासात नळ ऋतुपर्णाच्या पदरी बाहुक म्हणून राहिला तेव्हा सारथ्याबरोबर पाककलेतही त्याचं नाव होतं, ‘नलपाक’ शब्द त्याच्यावरूनच. म्हणजे स्वयंपाकघर दोन्ही अर्थांना लागू. असं सूत्र वर्षातून एखादं सापडतं.

लव-कुशातला लव (‘कुशाचा भाऊ, अंगावर बारीक’) हाही याच पंक्तीत.

काही शब्द तर लेखननियमांनीच एकसारखे करून दिलेत. पाणि म्हणजे हात, पण 1962 च्या नियमांनुसार सुटा लिहिताना अंत्य इकार दीर्घ, म्हणून ‘पाणी’. समासात मात्र ‘पाणिग्रहण’. गावाच्या नावातलं ‘पूर’ दीर्घ लिहायचं, म्हणून ‘नागपूरच्या शेवटी बारमाही, पंचगंगेला पावसाळ्यात (2)’.

प्रतिसाद
सुत-सूतबद्दल एक भर. सुटे असताना वेगळे, पण विभक्ती लागली की धाग्याचं ‘सुताला’ आणि मुलाचंही ‘सुताला’. मराठी शब्दाचा उपान्त्य (शेवटून दुसरा) ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो ना! सारथी या अर्थाचा सूत तत्सम, तो ‘सूताला’च राहतो, ‘दूताला’सारखा. त्यामुळे ‘सूताच्या घरचा सुत, काटकोनासमोर (2)’ बिनधास्त द्या. कर्ण.

मन-मण मात्र या यादीत कुणी घालू नका. न-ण प्रमाण उच्चारात वेगळेच आहेत.

प्रतिसाद
जोडशब्दांतला अर्धा भाग विचारायचा असेल तर तो स्वतःच्या पायावर उभा हवा. ‘भाजी’वरून ‘पाला’ विचारता येतो. ‘शेजारी’वरून ‘पाजारी’ विचारला तर त्याला व्याख्या कुठून आणणार?

प्रश्नकर्ता
आभार. ‘वीट’ असं जमेल का : ‘पंढरपुरात पायाखाली असते, कंटाळा आला की येतो’?

प्रतिसाद
शब्द नामी, सूत्र फुटलं. मातीची वीट स्त्रीलिंगी, कंटाळ्याचा वीट पुल्लिंगी. ‘असते’ आणि ‘येतो’ शेजारी ठेवले की लिंगबदल उघडा पडतो आणि दोन शब्द आहेत हे पहिल्याच वाचनात कळतं. हातावरच्या शिरा आणि प्रसादाचा शिरा यांतही हाच घोळ, तिथे वचन फुटतं. उपाय म्हणजे क्रियापदच काढायचं : ‘पंढरपुरात पायाखाली, इतरत्र कंटाळ्यापोटी (2)’, ‘हातावर निळ्या? सत्यनारायणाला गोड! (2)’. दुसऱ्यात ‘निळ्या’ अजून वचन सांगतंय. ‘मनगटावर उठून, सत्यनारायणाला गोड’ केलंत की तेही झाकतं.