प्रति: रेडीमेड कपाटं की सुतारकाम?
रेडीमेड कपाटं आठवड्यात बसतात आणि सुतार महिनोन्‌महिने घर अडवतो, असं वर कुणीतरी लिहिलंय. अगदी खरं! पण आमच्या जळगावकडच्या जुन्या घरांत काटकोनातला कोपरा शोधून सापडत नाही. तयार खण ३००, ४५०, ६०० मिलिमीटर अशा ठरावीक रुंदीचे. उरलेल्या फटीवर पट्टी ठोकतात, मागे झुरळांची सोय. सुतार फळी भिंतीला टेकवून, वाकडेपणा आखून तशीच कापतो. शिवाय वर्षाचे गहू-ज्वारी भरणाऱ्या घराला कोठ्या मावतील असा खोल कप्पा लागतो, तो कॅटलॉगात कुठून मिळणार?

माल मात्र स्वतः बघा. स्वस्त तयार कपाटात बहुधा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी, असतो. सिंकखाली पाणी झिरपलं की तो फुगतो, आणि बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की त्या भोकात परत धरत नाही. सुतारालाही नुसतं ‘वॉटरप्रूफ प्लाय आण’ सांगू नका. निदान सिंकखाली तरी शीटवरचा आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) हा शिक्का बघून घ्या. बेडरूमला आयएस ३०३, म्हणजे साध्या वापराचा प्लाय, पुरतो. आणि दारांना सनमायका बाहेरून लावला तर आतूनही लायनर (आतल्या बाजूचा पातळ सनमायका) लावून घ्या, नाहीतर आपल्या मे महिन्यात दारं धनुष्यासारखी वाकतात.