टर्बो होंडा सिटीत मोठा फ्युएल पंप, वायरिंग बदलू का?

डिचोलीकर: जुन्या सिटी व्हीटेकला टर्बो केलाय, चोर्ला घाट चढताना बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आला की गाडी लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून वालब्रो २५५ हा मोठा पंप आणलाय, जुन्याच वायरवर चालेल काय?

फोंड्याचो: नको रे! हा पंप जास्त करंट ओढतो, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि नवा पंप असून नसल्यासारखा. बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाक, अर्थिंगपण नवं कर.

म्हापसेकर: आणि टाकीतला होस (पेट्रोलची नळी) सबमर्सिबल, म्हणजे पेट्रोलात बुडून टिकणारा ३०आर१० दर्जाचाच घे हां, साधा पेट्रोलात बुडून फुगतो, माझा फाटला होता. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेस्तोवर चालव, प्रेशर उतरलं की मग बॅटरीची निगेटिव्ह काढ.

डिचोलीकर: थँक्यू दादा, रिले आजच आणतो.