अनुभव धागा: घरातले जुने व्हिडिओ, रात्रीचं रूपांतर आणि टीव्हीवर उगवलेली माणसं

माळ्यावरची पेटी

काल रात्री जेवणं आटोपून टीव्ही लावला, तर 'नवीन आलेले'च्या ओळीत पहिलीच चौकट होती: २००४-०९-१८. नाव नाही, नुसती तारीख. आई म्हणाली, बघ गं काय आहे ते. रिमोट दाबला आणि बाबांचा आवाज आला, "अगं, आधी निरांजन लाव, कॅमेरा मग."

त्या वर्षीची गणेश चतुर्थी. बाबा पाटासमोर उकिडवे बसलेत, एका हातात दूर्वांची जुडी, दुसऱ्या हाताने चष्मा कपाळावर सरकवतायत. आईने तीनदा लावायला सांगितलं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. भिंतीवर फोटो आहे, पण त्यांचा आवाज घरातच एका पिशवीत पडलाय हे आम्ही विसरूनच गेलो होतो. आज लिहायला बसले ती त्यामुळे.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना मिनी डीव्हीच्या (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या) २३ कॅसेट निघाल्या. कॅमेरा चालू होता, भावाच्या जुन्या लॅपटॉपला फायरवायरचं (कॅमेऱ्याची वायर लावायचं) भोक होतं, त्यावर लिनक्स टाकून घेतलं. टेप ज्या वेगाने फिरते त्याच वेगाने उतरते, त्यामुळे एका तासाच्या कॅसेटला एक तास लागतोच, आणि फाइल होते साधारण १३ जीबीची. पण डीव्हीत चित्राबरोबर शूटिंगची तारीख-वेळही टेपवर लिहिलेली असते. टेप उतरवणारा डीव्हीग्रॅब हा प्रोग्रॅम ती वाचतो, जिथे कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केलाय तिथे फाइल तोडतो आणि नावात तारीख घालतो. बाबांनी कॅमेऱ्याचं घड्याळ नीट लावून ठेवलं होतं, म्हणून हे जमलं.

पुढचं सगळं रात्री एकला आपोआप होतं. स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) 'आलेले' फोल्डरात बघते, एफएफएमपेग हा रूपांतराचा प्रोग्रॅम एकेक फाइल एच.२६४ या व्हिडिओ प्रकारात करतो, दर्जाचा आकडा (सीआरएफ) १८, आवाज एएसी प्रकारात, आणि तारखेवरून वर्षाच्या फोल्डरात टाकतो. घरच्या सर्व्हरवरून टीव्हीवर व्हिडिओ दाखवणारा जेलीफिन सकाळपर्यंत ती उचलतो.

एक गोष्ट मात्र फार लागली. पहिल्या स्क्रिप्टमध्ये मी रूपांतर झालं की मूळ फाइल पुसायची ओळ घातली होती. एका रात्री डिस्क भरली. एफएफएमपेग मधेच थांबला, स्क्रिप्ट थांबली नाही. सकाळी अर्धवट फाइली होत्या आणि मूळ गेल्या होत्या. त्या दोन कॅसेट पुन्हा लावल्या. एक उतरली. दुसरीत बुरशी निघाली, अर्ध्यातून पुढे नुसते चौकोन. त्यात भाचीचं बारसं होतं. ताईला सांगायला मला आठ दिवस लागले.

आता स्क्रिप्ट पुसत नाही. फाइल तपासणाऱ्या एफएफप्रोबने दोन्ही फाइलींची लांबी काढते, सेकंदभराचाही फरक असला तर मला मेल करते. पुसायचं काम माझ्या हातात, तेही फाइल बघून झाल्यावर.

तुम्ही कसं केलंत? कॅसेट, व्हीसीडी, फोन, काहीही चालेल. फसलेलंही लिहा.

सांजवात

वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

नाशिककर

लाइट. आमच्याकडे मूळ प्रॉब्लेम लाइटचा. एमपीफोर फाइलीत कुठला तुकडा कुठे आहे त्याचा तक्ता नेहमीच्या पद्धतीत अगदी शेवटी लिहिला जातो. पाच तास रूपांतर चालू, शेवटच्या दहा मिनिटांत लाइट गेली, की फाइल दिसते चार जीबीची आणि उघडत नाही. उन्हाळ्यात एकाच आठवड्यात तीन वेळा झालं. तेव्हापासून आधी एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारची फाइल करतो. मधेच तुटली तरी तिथपर्यंतची चालते. पूर्ण झाली की एमपीफोरच्या डब्यात हलवायची, त्यात पुन्हा रूपांतर नसतं, नुसती नक्कल, मिनिटभरात होतं.

आणि सर्व्हर इन्व्हर्टरवर घ्या. राउटर नाही घेतला तरी चालेल.

गवती चहा

@नाशिककर, राउटर नाही घेतला तर घरातली मुलं इन्व्हर्टर काढून नेतील :)

तिसरी घंटा

आमच्या हौशी नाट्यसंस्थेचं सगळं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. २००९ ते २०१६ एव्हीसीएचडी (कार्डावर शूट करणारा) कॅमेरा होता. कार्डातून उतरवलं की एका अंकाच्या तीन-चार एमटीएस फाइली, कारण कॅमेरा ठरावीक आकार झाला की आपणहून नवी फाइल सुरू करतो. मी प्रत्येक फाइल वेगळी रूपांतरित करून नंतर जोडायचो. प्रत्येक जोडावर आवाजात बारीक खाच. कोणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं, पण एक जोड नेमका आमच्या म्हातारीच्या स्वगताच्या मधोमध आला. तिने 'बाळा' म्हणून घेतलेला श्वास अर्धा कापला गेला.

आधी मूळ एमटीएस क्रमाने सलग जोडायच्या, मग एकदाच रूपांतर. खाच जाते. स्क्रिप्टला हे शिकवायला एक रविवार गेला, पण सगळे ४१ प्रयोग पुन्हा केले. ज्या बाई ती म्हातारी करायच्या त्यांच्या मुलीला पेन ड्राइव्ह दिला. तिने हातात घेऊन नुसता धरून ठेवला.

पागोळी

लेझीम! कुणाकडे मिरवणुकीचे व्हिडिओ असतील तर हे नक्की वाचा. जुना व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रं असतो म्हणतात, पण खरं तर ५० अर्धी चित्रं असतात, एक ओळ सोडून एक. म्हणून संगणकावर हलत्या हातांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. त्या काढताना बहुतेक जण २५ चित्रं ठेवतात आणि अर्धी हालचाल फेकून देतात. एफएफएमपेगमधला याडिफ फिल्टर काही न सांगता लावला तर २५च देतो, बीडब्ल्यूडिफ ५० देतो. आमच्या शाळेच्या पथकाचं लेझीम ५० मध्ये पाहिलं तेव्हा मनगट कसं वळतं ते पहिल्यांदा दिसलं. २५ मध्ये नुसता धुरळा होता.

माळ्यावरची पेटी

@पागोळी, अरे देवा, मी याडिफच लावलाय, तसाच. म्हणजे सगळ्या २३ पुन्हा. बरं झालं मूळ ठेवल्या.

उंबरा

तुमच्याकडे दीड दिवसाचा की पाच? व्हिडिओत गौरी पण आहेत का?

माळ्यावरची पेटी

पाच. गौरी खड्यांच्या. ती कॅसेट पुढची, अजून रांगेत आहे.

उंबरा

आमच्या मुखवट्याच्या. सासूबाईंच्या हातचा साज होता तो, आता तसा कुणाला नेसवता येत नाही. कुणीतरी शूट करून ठेवायला हवं होतं.

सांजवात

आले. आमच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी. १९९९. ड्रॉइंग रूमच्या कपाटात इतकी वर्षं. मुलाने म्हटलं सर्व्हरवर टाकू. डिस्क उघडली तर त्यात एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरात डीएटी फाइली. त्या व्हीएलसी प्लेअरमध्ये सरळ चालतात. चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे आताच्या टीव्हीवर चेहरे विरघळल्यासारखे दिसतात. मुलगा मोठं करून रूपांतर करत होता, मी म्हटलं राहू दे, आहे तेवढंच ठेव. नसलेलं कुठून आणणार?

तिसऱ्या डिस्कवर ओरखडा होता. नुसती कॉपी केली तर संगणक अडकून बसायचा. मुलाने डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम रात्रभर लावला. तो वाचता येईल ते आधी वाचून घेतो आणि खराब जागांवर परत परत जातो. सकाळी जवळजवळ सगळं आलं होतं.

आता मुख्य. त्या फोटोग्राफरने पूर्ण लग्नावर गाणी चढवली आहेत. तेव्हा तशीच पद्धत होती. विधी चाललेत, माणसं बोलतायत, ओठ हलतात, ऐकू येतं गाणं. फक्त अंतरपाट धरलेला असताना त्याने गाणं बंद ठेवलं. तेवढी चाळीस सेकंदं माझे वडील मंगलाष्टकं म्हणतात. 'सावधान' म्हणताना त्यांचा आवाज फाटतो. मुलाने तो तुकडा वेगळा काढून सर्व्हरवर पहिल्या ओळीत ठेवलाय. मी रोज नाही बघत. पण आहे हे माहीत असतं.

गवती चहा

सांजवातताई 🙏

मुक्काम पोस्ट

न्यू जर्सीहून. आई-बाबा सांगलीत. इकडच्या नातवंडांचे व्हिडिओ त्यांना टीव्हीवर दिसावेत एवढीच इच्छा होती. फोनवर बाबांना नीट दिसत नाही.

पहिला अडथळा: आयफोन २०१७ पासून एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ प्रकारात साठवतो, त्यांचा टीव्ही जुना, त्याला ते वाजवता येत नाही. मग सर्व्हर बघता बघता रूपांतर करायला जातो आणि माझा छोटासा संगणक धापा टाकतो, तिकडे चित्र गोल गोल फिरत राहतं. बाबा म्हणायचे, "अरे तुझी मुलगी पाय उचलते आणि तशीच थांबते." उपाय हाच की रात्रीच सगळं एच.२६४ आणि एएसी करून ठेवायचं. टीव्हीला थेट वाजवता आलं की सर्व्हरला नुसतं वाढायचं काम उरतं.

दुसरा अडथळा: एक सर्व्हर सांगलीतही ठेवला, आईकडचे जुने अल्बम उतरवायला. तो इथून उघडेना. तिकडच्या जोडणीत बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो, त्यामुळे बाहेरून दार ठोठावता येत नाही. टेलस्केल हा प्रोग्रॅम टाकला, दोन्ही घरं आतून जोडली गेली. आता आई रविवारी सकाळी चहा घेताना बघते, आमची तेव्हा शनिवारची रात्र असते. फोन चालू ठेवून दोघीतिघी एकच व्हिडिओ बघतो.

आगपेटी

५५ इंची घ्यावा की ४३? हॉल दहा बाय बारा आहे. विषयांतराबद्दल क्षमस्व.

नाशिककर

४३ घ्या. आणि घेताना एचईव्हीसी चालतं का ते दुकानात पेन ड्राइव्ह लावून बघा. वरचा अनुभव वाचलाच असेल.

आगपेटी

धन्यवाद दादा. पेन ड्राइव्हचं सुचलंच नसतं.

वाफाळता

देवनागरी नावं ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, दोन्हींत माझे दिवस गेलेत.

एक. आजीच्या कार्यक्रमाची फाइल विंडोजवर छान होती: 'आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमातील काकूंनी केलेलं औक्षण...' असं पुढे बरंच. लिनक्स सर्व्हरवर कॉपी होईना, म्हणे नाव लांब आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल पद्धतीत नावाला २५५ बाइटची मर्यादा. इंग्रजी अक्षराला एक बाइट, आपल्या अक्षराला तीन, आणि मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि शेवटचं एक्स्टेंशनही त्यातच. विंडोजची मोजायची रीत वेगळी, म्हणून तिथे चालून गेलं. माझी कॉपी करणारी स्क्रिप्ट अशा फाइली गुपचूप सोडून पुढे जात होती. नऊ फाइली सोडल्या होत्या.

दोन. 'साताऱ्याचं घर २०११' ही फाइल सर्व्हरवर दोनदा दिसायची. नाव अगदी तेच. युनिकोडमध्ये ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अख्खा ऱ आणि एक र खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना सारखेच, यंत्राला वेगळे. जुन्या लॅपटॉपवरून आलेली सगळी नावं फुटलेल्या ऱ ची होती. वाऱ्याचा, दऱ्या, किनाऱ्यावर, सगळीकडे जोड्या. आता स्क्रिप्ट कुठलंही नाव आधी एकाच तऱ्हेत आणते, मगच पुढे.

फोल्डरचं नाव मराठीच ठेवणार. आजीचं घर आहे ते, त्याचं नाव इंग्रजीत का लिहू?

पागोळी

शेवटच्या ओळीला माझं अनुमोदन. फक्त तारखेचे आकडे इंग्रजी ठेवते, वर्ष-महिना-दिवस याच क्रमात. बाकी सगळं मराठी.

रानजाई

व्हॉट्सॅपचे व्हिडिओ कुणी तारखेने लावले असतील तर जपून. फाइलीच्या नावातली तारीख आपल्याकडे आली ती असते, काढला ती नाही. मेमध्ये झालेली मुंज काकांनी डिसेंबरात पाठवली, आमच्या सर्व्हरवर मुंज हिवाळ्यात झाली. घामाने भिजलेले भटजी बघून लेकीने विचारलं, डिसेंबरात पंखे का लावलेत? आता व्हॉट्सॅपचं वेगळ्या फोल्डरात जातं, तिथून मी हाताने लावते. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागते, ती मिळाली तर सोनं.

आणि जेलीफिनमध्ये घरचे व्हिडिओ 'चित्रपट' या प्रकारच्या ग्रंथालयात टाकू नका. तो नावावरून पोस्टर शोधायला जातो. आमच्या 'वाढदिवस'ला कुठल्याशा परदेशी भीतीपटाचं पोस्टर लागलं, लेक दोन दिवस त्या ओळीकडे बघेना. घरच्या व्हिडिओंचा वेगळा प्रकार आहे, तोच निवडा.

उंबरा

बुरशी लागलेल्या व्हीएचएस आहेत आठ. रत्नागिरीचं घर, पावसाळे बघितलेल्या. पांढरं पांढरं दिसतंय कडेला. व्हीसीआरमध्ये घालून बघू का?

तिसरी घंटा

नको नको! तशीच घातली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि त्यानंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागते. कोरड्या जागी, उभ्या ठेवा. साफ करून उतरवून देणाऱ्याकडेच द्या, आणि आधी त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची एक देऊन बघा.

उंबरा

बरं झालं विचारलं. धन्यवाद.

माळ्यावरची पेटी

सगळ्यांचं वाचतेय, कामातून वेळ मिळेल तसं. बीडब्ल्यूडिफ लावून रांग नव्याने सुरू केली, एमकेव्हीतच, नाशिककरांनी सांगितलं तसं.

तारखेने फाइली लागल्या, पण कोण आहे, कुणाच्या घरी आहे हे यंत्राला कळत नाही. म्हणून आज दुपारी आईला शेजारी बसवलं. ती सांगते, मी प्रत्येक व्हिडिओशेजारी त्याच नावाची एनएफओ फाइल करून त्यात लिहिते, जेलीफिन ती वाचून टीव्हीवर दाखवतो. चार झाले. आईला सगळं आठवतं, मोदकाचं सारण त्या वर्षी पातळ झालं होतं इथपर्यंत. पण आरतीत बाबांच्या मागे निळ्या साडीतली एक बाई आहे, टाळ वाजवतेय, हसून आईशी काहीतरी बोलतेय. ती कोण, ते आईला आठवेना. तीच चार सेकंदं सात-आठ वेळा लावली.

मावशीला फोन लावलाय.

सांजवात

काय म्हणाल्या मावशी?

माळ्यावरची पेटी

उचलत नाहीये. चारला उठते ती, तेव्हा परत लावते.