वर्ग मुलींनी भरले, फळ्यापाशी कोण?

कातळवाट:
कोकण विभागीय मंडळ 2012 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पुढेच आहे. पण त्यापुढच्या, कॉलेजच्या वर्गांचं काय? 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हींची लोकसंख्या 2001 पेक्षा कमी भरली. पट घसरणारच. मुलगे आयटीआय करतात, मुंबई गाठतात, बोटीवर जातात. कला-वाणिज्यच्या बाकांवर मुली जास्त दिसतात. कुणबी, भंडारी, गाबित, बौद्ध, मुस्लिम घरांतल्या. त्यांतल्या कितीतरी प्राध्यापकपदासाठीची नेट-सेट परीक्षा पास होतात आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर अडकतात. उन्हाळ्यात मानधनही नाही. कायम पदंच भरली जात नसतील, तर बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं ते ठरवणारी यादी, कुणाला न्याय देणार? आधी भरती करा.

खाडीकाठ:
भरती कशाच्या जोरावर? पदं कार्यभारावर, म्हणजे शिकवायच्या तासांवर ठरतात, कार्यभार विद्यार्थिसंख्येवर. वर्गात दहा-बारा डोकी असतील तर पद टिकत नाही. तालुक्यातली दोन-तीन लहान कॉलेजं एकत्र करा, तिथे पूर्ण वेळ प्राध्यापक द्या. आणि ‘मुली जास्त’ याचा इतका आनंद नको. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. पुरुष पोटासाठी बाहेर, एवढाच त्याचा अर्थ.

कातळवाट:
एकत्र करा म्हणजे कुणाचं कॉलेज लांब जाणार? मुलगा दुचाकीवर जाईल. मुलीची संध्याकाळची एसटी चुकली की दुसऱ्या दिवशी घरचे म्हणतात, बस झालं शिक्षण. पटसंख्येचा निकष डोंगराळ तालुक्यांना शहरासारखा लावणंच चुकीचं आहे.

सड्यावरची:
दोघांशीही माझं पटत नाही. मी याच भागात शिकले, आता शिकवते. जवळ आहे म्हणून कला शाखा घेतलेल्या मुली मी रोज बघते. ती निवड नाही, नाइलाज आहे. राज्याने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. पण सिंधुदुर्गातल्या दोडामार्गची मुलगी रायगडात लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात गेली, तर राहणार कुठे, जेवणार कशावर? फीपेक्षा खोली आणि खानावळ महाग पडते. प्राध्यापकांचं म्हणाल, तर 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात शंभर पुरुषांमागे 77 स्त्रिया होत्या. उच्च शिक्षणातल्या मुली मात्र जवळपास निम्म्या. ही दरी गावातलं कॉलेज टिकवून भरणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी मुलींची सरकारी वसतिगृहं हवीत.

कातळवाट:
वसतिगृहं हवीतच, त्यासाठी निवेदनावर पहिली सही माझी. पण ती उभी राहीपर्यंत गावातल्या कॉलेजला हात लावू नका.