जिल्हा जवळ आला म्हणजे काम जवळ येईल का?

पैंगीणकर:
काणकोण, सांगे, केपे आणि धारबांदोडा या तालुक्यांसाठी वेगळा जिल्हा हवा असे कोणी म्हटले की आमच्या भागातल्या लोकांना बरे वाटायचे आणि मलाही वाटायचे, कारण एका सहीसाठी मडगावला जाऊन अख्खा दिवस घालवणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तरीही कार्यालय अलीकडे आल्याने अधिकार खाली येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या विहिरीचा पंप जळाला. पंचायतीकडे पैसे होते. परंतु दुरुस्तीचे अंदाजपत्रक करणारा कनिष्ठ अभियंता गटविकास कार्यालयाचा, त्याच्याकडे इतर पंचायतींचीही कामे. सचिवाकडे दोन पंचायतींचा ताबा, म्हणून आमच्याकडे तो आठवड्यातून तीनच दिवस बसायचा. कागद वर जाऊन मंजुरी घेऊन परत येईपर्यंत 18 दिवस गेले, आणि तेवढे दिवस बारा घरांतल्या बायका पहाटे उठून खालच्या ओहोळाजवळच्या झरीवर कळशा घेऊन जात होत्या. नव्या जिल्ह्याने यातला एक दिवस तरी वाचला असता का?

1993 साली पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी घटनादुरुस्ती अमलात आली, पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आले, 1994 मध्ये गोव्याचा पंचायत राज कायदा झाला. मात्र त्या विषयांचे अधिकार राज्य पंचायतींना ‘देऊ शकेल’ एवढेच घटना म्हणते आणि आपण त्या ‘शकेल’वरच थांबलो आहोत. किरकोळ दुरुस्तीची मंजुरी, तिच्यासाठी अटी नसलेला निधी आणि पूर्णवेळ सचिव, या तीन गोष्टी पंचायतीला मिळाल्याच पाहिजेत.

अंत्रुजवासी:
आपली कळकळ पटते, उपाय पटत नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि आमदार 40, म्हणजे छत्तीस हजार माणसांमागे एक. शेजारच्या महाराष्ट्रात हेच प्रमाण जवळजवळ 3.9 लाखांना एक असे पडते. इतक्या लहान राज्यात सरकार मुळातच लोकांच्या दाराशी आहे.

दुसरे असे की आपल्या 191 पंचायती लोकसंख्येने लहान आहेत. 1996 च्या लोकयोजना मोहिमेत केरळने नियोजित निधीचा 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांना दिला, हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. पण तिथली एक ग्रामपंचायत आपल्या कितीतरी पंचायतींएवढी असते. आणि ज्या पंचायतींनी डोंगरउतारांवर बांधकाम परवाने दिले, त्यांच्या हाती आणखी पैसा सोपवताना आपल्याला भीती वाटत नाही का? मला वाटते. सेवा ठरावीक मुदतीत देण्याचा कायदा गोव्यात 2013 पासून आहे. तो कसोशीने राबवला तर आपले 18 दिवस वाचतील.

सत्तरी तालुक्यातील निवृत्त पंचायत सचिव:
अंत्रुजवासी, मुदतीचा कायदा दाखल्याला आणि परवान्याला उपयोगी पडतो. पंप जळाला तर कोणता नागरिक कोणत्या सेवेचा अर्ज करणार?

दोघांनीही न मांडलेली एक बाब मी नोकरीत रोज पाहिली. वीस लाखांहून कमी लोकसंख्येच्या राज्याला पंचायत राज व्यवस्थेचा मधला, म्हणजे तालुक्याचा स्तर वगळता येतो, आणि गोव्याने तो वगळला आहे. महाराष्ट्रातल्या गटविकास अधिकाऱ्यासमोर निवडून आलेली पंचायत समिती बसते. आपल्याकडे तालुक्याला गटविकास अधिकारी आहे, पण त्याला प्रश्न विचारणारी लोकनियुक्त सभाच नाही. त्याचे तोंड कायम पणजीतील पंचायत संचालनालयाकडे असते. यात मी अधिकाऱ्याला दोष देत नाही, कारण त्याची बदली आणि बढती तिथूनच होते. जिल्हा पंचायतींची पहिली निवडणूक 2000 साली झाली, तरी त्यांच्या सदस्यांना आजही बाकडी आणि पदपथ यांपलीकडे फारसे हाती लागत नाही. आमदार जवळ आहे हे खरे, पण तो इतका जवळ असल्यामुळेच मधल्या सदस्याला कोणी उभे राहू देत नाही.

प्रत्येक पंचायतीला अभियंता देणे अशक्य आहे, हे मी मान्य करतो. पण शेजारच्या पाच-सहा पंचायतींनी मिळून एक अभियंता ठेवावा, त्याची हजेरी त्याच पंचायतींनी पाहावी आणि कामाचा हिशेब ग्रामसभेत भिंतीवर लावावा. उतारावरच्या परवान्यांना आळा बसलाच, तर तो जाग्या ग्रामसभेमुळेच बसेल.

डिचोलीकर:
किनाऱ्यावरच्या कळंगुट-कांदोळीसारख्या पंचायतींना हॉटेलांची घरपट्टी मिळते. खोतीगाव किंवा नेत्रावळीच्या पंचायतीने ती कोणाकडून घ्यायची? दर पाच वर्षांनी पंचायतींच्या निधीचा वाटा सुचवणारा राज्य वित्त आयोग नेमून त्याचा अहवाल खरोखर अमलात आणला नाही, तर अधिकार खाली येतील आणि दारिद्र्यही तिथेच राहील.

पैंगीणकर:
डिचोलीकरांचा मुद्दा मी मूळ लेखनातच घ्यायला हवा होता. जिल्ह्याबाबतही माझे मत थोडे दुरुस्त करतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातात, आणि शेवटचा निर्णय तिथेच होतो. आमच्या भागातल्या वेळीप आणि गावडा कुटुंबांनी वडिलांच्या काळापासून कसलेल्या जमिनीचे कागद घेऊन मडगाव गाठायचे, त्यापेक्षा ती समिती जवळ बसणे निश्चितच हिताचे आहे.

सेवानिवृत्त सचिवांनी सांगितलेली सामाईक अभियंत्याची सूचना मी पुढच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडणार आहे. शेजारच्या दोन पंचांशी बोललो आहे. त्यांतले एक तयार आहेत, दुसऱ्यांना पगाराचा वाटा कसा ठरवायचा ते लेखी हवे आहे. सचिवसाहेब, तो मसुदा आपण सांगितलात, तर मी इथे तो सर्वांसमोर ठेवीन.