माडाची साखर, डार्क चॉकलेट आणि वांदर

भाट्याचा आप्पा: परवा इथे कुणी लिहिलं, 'माडाच्या साखरेचं वनस्पतीजन्य डार्क चॉकलेट, डायबेटिसवाल्यांनी बिनधास्त खावं.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. कोको, कोकोबटर आणि साखर एवढ्यावर झालेल्या चॉकलेटात दूध येईल कुठून? मिठाला शाकाहारी म्हणायचं नि जादा पैसे घ्यायचे. आणि त्या साखरेत ७०-८० टक्के सुक्रोजच, उष्मांकही साध्या साखरेएवढेच. आमच्या हिने 'खोबऱ्यातलीच ना' म्हणत आठवडाभर रोज चार तुकडे खाल्ले. उपाशीपोटीची शुगर १८० वर! पोस्टवाल्या येतात का डॉक्टरकडे?

वेंगुर्लेकरीण: ती पोस्टवाली मीच, चॉकलेटही माझंच. 'बिनधास्त' मागे घेते, बास? पण बाजारातल्या कितीतरी डार्कच्या वेष्टनावर बारीक अक्षरात मिल्क सॉलिड्स असतात. चष्मा लावून वाचा. आणि फिलिपिन्समध्ये या साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते तो आकडा, ३५ निघालाय.

भाट्याचा आप्पा: नि सिडनीवाल्यांच्या मोजणीत ५४. सोयीचा आकडा तेवढा तुमचा.

भंडारवाडा: आप्पा, वहिनींना सांगा, खोबऱ्याचा काही संबंध नाही. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, बांधून, तासून नीरा काढतात आणि ती आटवतात. किलोभर साखरेला सात-आठ लिटर नीरा. मडक्याला चुना लावला नाही की आंबून तीच माडी. त्या पोयीला मग नारळ धरत नाही. माझा आजा दिवसातून दोनदा चढायचा, पायांना घट्टे पडलेले. आता नारळ पाडायला पाडेली मिळत नाही, पोय तासणारा कुठून आणणार? तुमच्या वेष्टनावर माडाचं चित्र आहे, चढणारा कुठे आहे?

गजालीकार: ता सगळा ऱ्हवांदे. नारळ धरले तरी वांदर ठेवतत? ह्या वर्साक माझ्या बागेत एक शहाळा ऱ्हवाक नाय!

सह्याद्रीवेडा: वानरांच्या जागेत बागा तुम्ही लावल्यात. थोडं सहन करा.

गजालीकार: माड माझ्या पणज्यान लावले. तुझो फ्लॅट खंयच्या रानात हा, ता सांग आधी. येऊन ऱ्हव चार दिवस. कौला फुटली की 'सहन कर' म्हण.

सह्याद्रीवेडा: एकेरीवर यायचं कारण नाही.

भंडारवाडा: आहे. आमच्याकडे फटाके, बेचकी, कुत्रे, सगळं झालं. चार दिवस जातात, पाचव्या दिवशी टोळी हजर.

वेंगुर्लेकरीण: अहो, विषय चॉकलेट आहे! माडाच्या सावलीत कोको येतो, तो लावा म्हणतेय मी.

गजालीकार: कोकोची फळा काय वांदर नि खारी पूजेक ठेवतले?

भाट्याचा आप्पा: एक कबूल करतो. हिने लपवलेलं उरलेलं पाकीट काल मी संपवलं. काकवीसारखी खरपूस चव, वाईट नाही. 'डायबेटिससाठी' ही ओळ काढा, मग दोन पाठवा.

वेंगुर्लेकरीण: पाचशे लेबलं छापून पडलीत. तुमच्या दोनांवरची पेनाने खोडते.