बारा-तेरा वर्षांचा हॉट अँड कोल्ड एसी : दुरुस्त करू की बदलू? (नागपूर)

त्रिमूर्तीनगर_वरचा_मजला

नमस्कार मंडळी. होळी झाली, उन्हं लागायला लागली, आणि घरात पुन्हा तोच विषय निघाला आहे.

आई-बाबांच्या खोलीत दीड टनाचा हॉट अँड कोल्ड स्प्लिट आहे. २०१३ चा, साधा, म्हणजे इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) नसलेला. ३ स्टार, गॅस आर-२२. खोली १२ बाय १४, डोक्यावर थेट गच्ची, बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर. आईचे गुडघे थंडीत फार धरतात, म्हणून त्या वेळी मुद्दाम गरम हवेचा घेतला होता.

तक्रारी दोन. एक, मागच्या मे महिन्यात दुपारी खोली २९ च्या खाली यायचीच नाही, रात्री मात्र बरं व्हायचं. दोन, या डिसेंबरमध्ये हीटवर लावला की बाहेरचं युनिट घरघरत राहायचं पण आतला पंखाच फिरायचा नाही. कूलवर लावला की फिरतो.

एका मेकॅनिकने झाकण न उघडताच सांगितलं, "कॉम्प्रेसर गेला, एक्सचेंजमध्ये नवीन देतो." दुसरा म्हणाला पीसीबी (एसीचं सर्किट बोर्ड) गेली आणि गॅसही कमी आहे, सगळं मिळून बारा हजार. बाबा म्हणतात चालतंय तोवर चालवा. बायको म्हणते नवीन घेतला तर बिल तरी वाचेल. नेमकं कशावरून ठरवायचं?

खामला_एक्सप्रेस

दोन्ही मेकॅनिक बदला, एसी नंतर बघू. 😀

कूलरप्रेमी

कूलर लावा भाऊ. खसच्या ताट्या, मागे खिडकी उघडी, समोर दार उघडं. नवतपा (मे अखेरचे तापते नऊ दिवस) काय बिघडवणार आहे?

(काका-काकूंना दमट हवेनं गुडघ्याचा त्रास होत असेल तर हा सल्ला रद्द समजा.)

पाना_पक्कड

दादा, मी याच धंद्यात आहे, सदरला. तुमच्या दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत. एकात एक मिसळू नका. मिसळल्या की मेकॅनिकले फावते.

आधी हीटचं पाहू. हॉट अँड कोल्डमध्ये कॉम्प्रेसर तोच, आतल्या-बाहेरच्या कॉइली (गॅस फिरतो त्या पाइपांच्या जाळ्या) त्याच, फक्त गॅस उलटा फिरवायचा असतो. ते काम बाहेरच्या युनिटमधला फोर-वे व्हॉल्व करते. हीट लावली की व्हॉल्ववरच्या छोट्या विजेच्या कॉइलले करंट जातो, 'टक्' आवाज येतो, मग पाइपातून फुस्स करून गॅस वळल्याचा आवाज येतो. आता गंमत पाहा. हीटमध्ये आतली कॉइल गरम झाल्याशिवाय आतला पंखा सुरू होत नाही. मुद्दामच तसं केलेलं असते, नाहीतर थंडीत पहिले पाच मिनिटं अंगावर गार हवा येईल. व्हॉल्व वळलाच नाही तर मशीन कूलमध्येच चालून राहते, आतली कॉइल गरम होण्याऐवजी थंड होते, आणि पंखा बिचारा वाट पाहत बसते. तुमच्याकडे तेच होऊन राहिलं असं मला वाटते. पीसीबीचा संशय तिसऱ्या नंबरवर.

व्हॉल्ववरची ती छोटी कॉइल जळली असेल तर काम शेकड्यात होते, गॅसला हातही लावा लागत नाही. एक स्क्रू खोलला की ती वरून निघते. मीटरनं तपासायला दोन मिनिटं लागतात. तिच्यापर्यंत करंटच येत नसेल तर मग पीसीबीची रिले किंवा वायर पाहायची. व्हॉल्व आतून अडकला असेल तर मात्र गॅस काढून, वेल्डिंगची ज्योत लावून बदला लागतो. तो खर्च मोठा. आर-२२ च्या एवढ्या जुन्या मशीनवर मी तरी तो करणार नाही.

आता कूलिंग. हे घरी पाहा:

सकाळी ऊन चढायच्या आधी कूलवर, पंखा फुल, वीस मिनिटं चालवा. साधा थर्मामीटर आधी वरच्या जाळीवर धरा, जिथून हवा आत ओढली जाते. मग हवा बाहेर येते त्या पट्ट्यांमध्ये धरा. ८ ते १२ डिग्रीचा फरक आला तर गॅस आणि कॉम्प्रेसर दोन्ही ठीक. ५-६ च आला तर मेकॅनिकले क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजते ते) लावायला सांगा आणि बाहेरच्या युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरशी जुळवा. अँपिअर कमी आणि थंडाही कमी, तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर आतून ढिला झाला. अँपिअर जास्त असतील तर बहुतेक बाहेरची कॉइल चोंदली असते.

आणि "गॅस कमी आहे, भरून देतो" एवढ्यावर पैसे देऊ नका. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. फ्लेअर नट, जोड, कॉइल, आधी ती जागा सापडली पाहिजे. नायट्रोजनचं प्रेशर भरून साबणाचा फेस लावायचा, मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं पाइपातली हवा ओढून काढायची, मग वजनावर गॅस. एवढं कोणी करून देत नसेल तर तो गॅस दिवाळीपर्यंत टिकणार नाही.

आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ (नव्या एसीतला गॅस) भरून देतो म्हणणारेही आहेत बाजारात. त्याले चहा पाजून परत पाठवा. आर-३२ चं प्रेशर दीडपटीहून जास्त असते, वरून तो थोडा पेट घेणारा गॅस आहे. जुनं मशीन त्यासाठी बनलेलं नाही.

त्रिमूर्तीनगर_वरचा_मजला

बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद दादा. उद्याच थर्मामीटर लावतो.

धरमपेठ_हिशेबनीस

वहिनींच्या "बिल वाचेल" या मुद्द्यावर लिहितो, कारण शोरूममध्ये सगळे याच मुद्द्यावर घसरतात.

एसीवरच्या बीईईच्या (तारे देणारी सरकारी संस्था) लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. ते १६०० तासांसाठी असतात. २०२५ पर्यंतच्या ५ स्टार दीड टनाच्या लेबलवर साधारण ७५० ते ८०० युनिट दिसतील, म्हणजे आयएसईईआर (विजेच्या किती पट थंडावा, याची हंगामाची सरासरी) ५ च्या आसपास. तुमच्या जुन्या मशीनची कार्यक्षमता ३ धरली तर तेवढ्याच थंडाव्याला ते साडेबाराशे-तेराशे युनिट खाईल. फरक पाचशेचा. पण १६०० तास आई-बाबा एसी लावतात का? रात्रभर आणि दुपारी थोडा, एप्रिलच्या मध्यापासून जून संपेपर्यंत, असं धरलं तर तास निम्मेच होतात. मग वाचले अडीचशे युनिट. नागपूरचं ऊन जास्त म्हणून वर थोडे चढवा, तीन-साडेतीनशे धरा. युनिटला १२ रुपये धरले (तुम्ही महावितरणच्या बिलावरचा आपला सगळ्यात वरचा स्लॅब बघून धरा, कारण वाचणारे युनिट त्या टोकाचेच असतात) तर वर्षाला चार हजार. नवीन मशीन बसवून पंचेचाळीस हजाराला पडलं तर पैसे फिटायला अकरा वर्षं.

म्हणून फक्त बिलासाठी चालू एसी काढू नका. दुकानात किंवा क्लिनिकमध्ये दिवसभर चालत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तीन-चार वर्षांत फिटतो.

माझ्या मते बदलायची वेळ ही : मशीन दहाच्या पुढचं, आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर. कॉम्प्रेसर किंवा आतली-बाहेरची कॉइल गेली की तो आकडा आपोआप ओलांडला जातो. कपॅसिटर, पंख्याची मोटर, सेन्सर, रिमोट यासाठी कोणी एसी बदलत असेल तर त्याला माझा फोन नंबर द्या, मी विकत घेतो.

कूलरप्रेमी

हिशेबनीस, कूलरचा हिशेब करा ना कधी. दोनशे वॅट. 🙏

मनीषनगर_मीरा

त्रिमूर्तीनगर, दुपारी २९ च्या खाली येत नाही यात एसीचा दोष थोडा कमी धरा. एसीचं दीड टन हे बाहेर ३५ डिग्री असताना मोजलेलं असतं. स्टारचा हिशेब जास्तीत जास्त ४३ पर्यंतच्या हवेचा. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ गेला होता! (२०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवला, तो सेन्सरचा घोळ होता, पण आमच्या गच्चीवर कोणालाच खोटा वाटला नाही.) बाहेर ४६ असताना कुठलंही मशीन दीड टन देत नाही, आणि तुमच्या डोक्यावर तापलेला स्लॅब.

आम्ही गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिकचा (बांबूच्या काड्यांचा) पडदा टाकला. एसी तोच, फरक पहिल्याच दुपारी कळला. बाहेरच्या युनिटवर वरून सावली चालते, पण समोरून आणि मागून हवा मोकळी हवी. आमच्या शेजाऱ्यांनी हिरव्या जाळीनं युनिट चारही बाजूंनी गुंडाळलं होतं. तेच गरम वारं आत-बाहेर फिरत होतं आणि मशीन दर अर्ध्या तासानं बंद पडायचं.

पाना_पक्कड

ताई बरोबर बोलल्या. आणि एक. बाहेरच्या कॉइलवर रोज बोअरचं पाणी मारू नका. थंड होते खरी, पण क्षार पिनांवर (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांवर) पांढरे धरतात आणि दोन उन्हाळ्यांत कॉइल दगड होते. सीझनच्या आधी एकदा धुवा, बस. शेजारच्या कूलरच्या ताटीचं गवत उडून पिनांत अडकलेलं असते, ते आधी ब्रशनं काढा. कूलरप्रेमी भाऊ, तुम्हाला बोलून नाही राहिलो.

त्रिमूर्तीनगर_वरचा_मजला

अपडेट. वरच्या जाळीवर २८, पट्ट्यांपाशी १७. म्हणजे ११ चा फरक!

मग ओळखीतून तिसरा मेकॅनिक आणला. फोर-वे व्हॉल्वची छोटी कॉइलच जळलेली निघाली. काळपट, वरचं प्लास्टिक फुगलेलं. बदलल्यावर 'टक्' झालं, फुस्सही झालं, आणि तीनेक मिनिटांनी गरम हवा. मार्चच्या दुपारी आई हीटरसमोर उभी राहून हसत होती, बाबा ओरडत होते की बंद करा. खर्च हजाराच्या आत. बाहेरची कॉइल धुतली, मागच्या बाजूनं वाळवीच्या मातीसारखा थर निघाला.

तर यंदा बदलत नाही. पण हा काही कायमचा नाही, हेही दिसतंय. पुढे जेव्हा घेईन तेव्हा पुन्हा हॉट अँड कोल्डच घ्यावा का? नागपुरात थंडी ती किती!

धरमपेठ_हिशेबनीस

२९ डिसेंबर २०१८ ला ३.५ डिग्री होतं हो नागपुरात! पण हिशेब खरा दीडेक महिन्याचाच. साधा दोन हजार वॅटचा हीटर दोन हजार वॅटच उष्णता देतो. हॉट अँड कोल्ड बाहेरची उष्णता आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत अडीच-तीन पट देतो, आणि आपल्याकडची थंडी त्याला अजिबात अवघड नाही. आईंच्या खोलीत रात्रभर लागत असेल तर घ्या. तासभर लागत असेल तर साधा एसी आणि वेगळा हीटर स्वस्त पडेल. लेबलवरचे तारे फक्त थंड करण्याचे असतात, गरम करण्याबद्दल ते काही सांगत नाहीत. त्यासाठी माहितीपत्रकात हीटिंगचे वॅट वेगळे बघा.

मनीषनगर_मीरा

आणि तारे मोजू नका, आयएसईईआरचा आकडा वाचा. २०२२ च्या जुलैत निकष कडक झाले, २०२६ च्या जानेवारीत पुन्हा झाले. त्यामुळे गोदामातल्या मालावरचा ५ आणि नव्या मालावरचा ५ सारखा नाही. ४६ आणि ५० डिग्रीला किती थंडावा देतो हे काही कंपन्या पत्रकात छापतात, न छापणाऱ्याला विचारा. खरेदी दिवाळीनंतर करा. मे महिन्यात बसवणारे पोरं घाईत व्हॅक्यूम न करताच निघून जातात. जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला आहे, एक्सचेंजची सूट तो धरून आहे की वगळून, तेही बघा.

नागनदीकाठी

मध्येच घुसतो, माफ करा. आमचं घर नाल्याला लागून. चारच वर्षांचा इन्व्हर्टर, आतल्या कॉइलमधून दरवर्षी गॅस जातो. एकदा भरून दिला, एकदा वेल्ड केली. आता म्हणतात कॉइल बदला. माझा तर म्हातारा झालेला नाही, तरी बदलू का?

पाना_पक्कड

नाल्याच्या वासातला गंधकाचा वायू तांबं खाते भाऊ. कॉइल काळी पडली असेल आणि बारीक छिद्रं एकाच ठिकाणी नाही, जागोजागी असतील. म्हणून एक वेल्ड केलं की दुसरीकडून सुटते. वेल्डिंगवर आता पैसे घालू नका. मशीन मात्र फेकू नका, कॉम्प्रेसर चांगला असेल तर फक्त आतली कॉइल बदला. कार्डावर कॉइलची आणि गॅसची वॉरंटी किती ते आधी वाचा, कॉम्प्रेसरची दहा वर्षं छापली असते म्हणून सगळंच धरलेलं नसते. निळ्या पिनांवर भुलू नका, तो लेप ॲल्युमिनियमच्या पिनांवर असते, आतलं तांबं तसंच राहते. नवी कॉइल घेताना तांब्यावरही कोटिंग मिळते का विचारा, आणि नाल्याकडची खिडकी बंद ठेवा.

नागनदीकाठी

कार्ड सापडलं. कॉइल पाच वर्षं लिहिली आहे! उद्या सकाळीच फोन लावतो.